शिकाऊ उमेदवारांची उमेद

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात फार जुनी आहे. ती ज्या काळी रूढ झाली त्या काळी तिच्यामागे पेठेतील देवघेव उभी होती. परंतु १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे काही तालुके वेगळे काढून ज्याची रचना करण्यात आली, तो आजचा जालना जिल्हा पाहिला तर त्याचे वैभव मुख्यतः लोखंडावर, बियाण्यांवर आणि हा सगळा माल वाहून नेणाऱ्या चाकांवर अवलंबून असल्याचे ध्यानात येते. भंगार घेऊन येणारे आणि सळ्या लादून बाहेर पडणारे अवजड ट्रक, अंबड-घनसावंगीकडून मोसंबी भरून निघणारे टेम्पो, प्रत्येक शिवारात दिसणारे ट्रॅक्टर, आणि नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून बदनापूर-जालना भागातून धावणारी समृद्धी महामार्गावरची वाहतूक, या सर्वांचा विचार केला म्हणजे वाहनदुरुस्तीच्या कसबाला येथे कधी नव्हे एवढी गरज आणि किंमत आली आहे, हे सांगावे लागत नाही.

असे असूनही ज्या मुलांनी हे कसब शिकावयाचे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर ते शिकण्याचा उत्साह दिसत नाही, आणि हाच या लेखाचा विषय आहे. स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांतच, म्हणजे १९५० साली, केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातून देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे विणले गेले. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला डिझेल यांत्रिकाचा एक वर्षाचा किंवा मोटारगाडी यांत्रिकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अल्प शुल्कात पुरा करता यावा, अशी तिच्यात तरतूद आहे. तरतूद उत्तम असली, तरी ज्या मनःस्थितीत मुलगा प्रवेशाचा अर्ज भरतो ती मनःस्थिती मात्र बहुधा पराभवाची असते. कारण दहावीला गुण कमी पडले की ‘आता याला आयटीआयला टाका’ असे घरीदारी बोलले जाते, आणि ‘टाकला गेलेला’ मुलगा शिकावयास येतो तो काही मिळविण्याच्या इच्छेने न येता काही गमावल्याच्या जाणिवेने येतो. त्यात कोणाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेले असतात आणि घरची गुरे व धाकटी भावंडे त्याच्यावर असतात. कोणाला गावच्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली आजच रोख मजुरी मिळत असते, आणि वर्षाअखेरीच्या दाखल्यापेक्षा संध्याकाळचे दोनतीनशे रुपये त्याला अधिक खरे वाटतात. अशा मुलाची हजेरी कमी भरली म्हणून त्याला आळशी ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही.

मग उमेद कशाने येते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जुळणीची कोडी सोडवावयास दिली होती. त्यांतील काहींना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले आणि पुढे ते बंद केले, तेव्हा मोकळ्या वेळात स्वतःच्या आवडीने कोड्याकडे वळण्याची त्यांची प्रवृत्ती पूर्वीपेक्षा मंदावलेली आढळली. पुढे रिचर्ड रायन यांच्या सहकार्याने डेसी यांनी असे प्रतिपादन केले की, मनुष्य एखाद्या कामात आपण होऊन रमावा यासाठी तीन गोष्टी लागतात: आपल्याला हे जमते हा प्रत्यय, आपल्या कामात आपली काही मुखत्यारी आहे ही जाणीव, आणि भोवतालच्या माणसांशी आपुलकीचा संबंध. विद्यावेतन हे गरजू विद्यार्थ्याच्या हक्काचे आहे आणि ते वेळेवर मिळालेच पाहिजे. मात्र ते पोटाची चिंता हलकी करते, कामाची गोडी लावणे त्याच्याने होत नाही. ती गोडी कार्यशाळेतच निर्माण व्हावी लागते.

या तिन्ही गोष्टी डिझेल इंजिनाइतक्या स्पष्टपणे शिकविणारे दुसरे साधन क्वचित सापडेल. उदाहरणार्थ, टाकीतले डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला आणि नंतर टाकी भरूनही तो सुरू होईना, म्हणजे ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडीने एअर धरली.’ इंधनाच्या नळीत शिरलेली हवा दाबली जाते, त्यामुळे पंपाचा दाब नोझलपर्यंत पोचत नाही आणि स्टार्टर कितीही फिरविला तरी इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी निदेशकांनी स्वतः पाना न उचलता तो मुलाच्या हाती द्यावा. त्याने प्रथम फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा, हाताने चालणारा प्रायमर दाबत राहावे, आधी फेसाळ आणि बुडबुड्यांनी भरलेले डिझेल बाहेर येते ते पाहावे, बुडबुडे संपून अखंड धार लागली की त्याच क्षणी स्क्रू आवळावा, आणि पुढे पंपाच्या स्क्रूवर हीच कृती करावी. त्यानंतर त्याने स्टार्टर फिरविला आणि इंजिन धडधडू लागले, म्हणजे त्या मुलाला आयुष्यात कदाचित प्रथमच असा निकाल मिळतो की ज्यात परीक्षकाची मर्जी नाही, भाषेची अडचण नाही आणि कोणाची शिफारस नाही. त्याला जमले, हे इंजिनाने सांगितले. दहावीच्या गुणपत्रिकेने खचलेल्या मुलाला पुन्हा उभे करण्याचे सामर्थ्य या एका अनुभवात जेवढे आहे, तेवढे तासभराच्या उपदेशात नाही. म्हणून अशी साधी, परंतु पूर्णत्वास जाणारी कामे पहिल्या काही आठवड्यांतच मुलांच्या हातून व्हावीत आणि इंजिनाचे भाग नुसते फळ्यावर काढून दाखविण्यात ते मोलाचे दिवस खर्ची पडू नयेत.

गणिताच्या भयाचाही उपाय याच मार्गाने करता येतो. ज्याला बीजगणिताच्या तासाला काहीच उमगले नाही, त्याच्यापुढे उघडलेले सिलिंडर ठेवावे आणि व्हर्नियरने त्याचा व्यास व पिस्टनची चाल त्यालाच मोजावयास सांगावी. व्यास १०० मिलिमीटर आणि चाल १२० मिलिमीटर भरली, तर पिस्टन एका धावेत सुमारे ९४२ घन सेंटिमीटर हवा ओढतो. वर उरणारी मोकळी जागा ५५ घन सेंटिमीटर असेल, तर ही सगळी, म्हणजे ९९७ घन सेंटिमीटर हवा अखेर ५५ मध्ये मावते, अर्थात ती सुमारे १८ पट दाबली जाते. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो, तरी इंधन का पेटते, याचे उत्तर याच अठरामध्ये आहे. इतकी दाबलेली हवा स्वतःच एवढी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसला नाही म्हणजे हाच दाब का घटतो आणि थंडीच्या सकाळी ट्रॅक्टर सुरू होण्यास का कुरकुरतो, हे मग त्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही. प्रश्न खरा असला की आकडेमोडीचा धाक राहत नाही, हा या विद्येचा मोठा गुण आहे.

या विद्येचे स्वरूपही आता पालटले आहे, आणि हा पालट नीट समजावून दिल्यास तोही उमेद वाढविणाराच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही उत्सर्जनाची मानके लागू झाली. नव्या ट्रकांत कॉमन रेल पद्धतीने दीड हजार बारहून अधिक दाबाने इंधन फवारले जाते, आणि धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी ड्रायव्हर ज्याला ‘युरिया’ म्हणतात ते द्रावण वेगळ्या टाकीतून सोडले जाते. जुन्या ट्रॅक्टरवर चालणारी नळी सैल करण्याची रीत या इंजिनावर चालू स्थितीत वापरली, तर सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत जाऊ शकते, म्हणून येथे शिस्त हीच सुरक्षितता होय. आवाजावरून दोष ओळखणाऱ्या उस्तादाचा कान आजही मोलाचा आहे, परंतु त्याच्या जोडीला आता स्कॅनर आला आहे. आणि स्कॅनर फक्त एवढेच सांगतो की रेलमधील दाब कमी आहे. हा दाब फिल्टर तुंबल्यामुळे कमी आहे, नळी गळते म्हणून कमी आहे, पंप झिजला आहे की मोजणारा सेन्सरच बिघडला आहे, याचा निवाडा माणसालाच करावा लागतो. हे काम बुद्धीचे आहे, आणि ते बुद्धीचे आहे ही गोष्ट ‘अभ्यासात कच्चा’ म्हणून हिणविल्या गेलेल्या मुलाला आवर्जून सांगितली पाहिजे. पुढे विजेवरची वाहने वाढतील तेव्हाही ब्रेक, सस्पेन्शन आणि वायरिंग राहणारच असून, क्रमाने शोध घेण्याची ही सवय तेथेही उपयोगी पडणार आहे.

मुखत्यारीची जाणीव मात्र बंद कार्यशाळेत पुरती येत नाही. तिला खरा ग्राहक लागतो. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली ती याच विश्वासावर, की मुलांनी गावाला लागणारी प्रत्यक्ष कामे करून शिकावे आणि त्या कामाचा उपयोग गावाला व्हावा. जालन्यातील संस्थांना हे सहज अनुसरता येईल. पावसाळ्यात प्रवेश घेतलेला विद्यार्थी उन्हाळ्यापर्यंत पुरेसा तयार झालेला असतो. तेव्हा मृग लागण्यापूर्वी भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा अशा ठिकाणच्या बाजाराच्या दिवशी निदेशकांच्या देखरेखीखाली ट्रॅक्टर तपासणीची शिबिरे भरवावीत. एअर फिल्टर, क्लचचा खेळ, टॅपेटचे अंतर, हायड्रॉलिकचे तेल एवढे जरी मुलांनी तपासून दिले, तरी ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडण्याचे संकट अनेक घरांवरून टळेल, आणि ज्या बापाने मुलाला नाइलाजाने या शाखेत घातले, त्यालाच त्याचे शेजारी ‘तुमच्या पोरानं आमचा ट्रॅक्टर पाहिला’ असे चारचौघांत सांगतील. शिकणाऱ्याला अशी इभ्रत लागते. शाखेत दाखल झालेल्या मुलींना तर ती अधिकच लागते. त्यांच्या हाती वहीपेक्षा पाना आधी द्यावा आणि हे काम त्यांचे नव्हे असे म्हणणाऱ्याला त्यांच्या कामानेच उत्तर मिळू द्यावे.

शिक्षण आणि उपजीविका यांच्यामधील पूल कायद्याने बांधून ठेवलाच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखालील आजच्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असून, त्यांना किमान विद्यावेतनही द्यावे लागते. जर्मनीत अशी उमेदवारी हाच व्यवसायशिक्षणाचा कणा आहे. तेथील वाहन-यांत्रिक साडेतीन वर्षे आठवड्याचा काही काळ शाळेत आणि बाकीचा कारखान्यात शिकतो, आणि आपले पुढचे पाऊल कोठे पडणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. आपल्या मुलालाही ते दिसले पाहिजे. जालन्यातील पोलाद कारखान्यांकडे ट्रक आणि लोडर आहेत, शहरात वाहन कंपन्यांची सेवाकेंद्रे आहेत, आणि जालना रस्त्यावरच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे; तेथील मालकांनी उमेदवारांची जागा केवळ कागदोपत्री न भरता त्यांना खरे काम शिकविण्याची जबाबदारी एका अनुभवी माणसावर सोपवावी.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलाला ‘टाकला’ असे पुन्हा म्हणू नये, आणि संध्याकाळी तो घरी आला म्हणजे आज काय उघडले व काय जोडले हे त्याला विचारावे. निदेशकांवरचा भार मोठा आहे, जागा रिक्त असतात, साधने कमी पडतात, हे मान्य करूनही त्यांना एक विनंती आहे: सत्र संपण्यापूर्वी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक इंजिन संपूर्ण उघडून, मोजून, पुन्हा जोडून स्वतःच्या हाताने सुरू केले आहे, याची खात्री करून घ्यावी. उमेदीचा याहून भरवशाचा पाया दुसरा नाही.