आधी एक पिशवी भरा, मग बिऱ्हाड हलवा

मे महिना लागला की आपल्या वस्त्यांतली एकदोन घरं तरी कुलूपबंद होतात. कुणी सुरतेला जातं, कुणी हैदराबादला. घरमालकाचा हिशेब, शाळेचा दाखला, गॅसचं सिलिंडर, जुन्या कूलरला गिऱ्हाईक, सगळं आठ दिवसांत उरकायचं असतं. या धावपळीत लेकरांची औषधं आणि दवाखान्याचे कागद कुठल्या पोत्यात गेले, हे कुणालाच आठवत नाही. आमच्या घरी तेच झालं. म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर नागपूरचं. ह्यांना सुरतेला उधन्याजवळ साडीच्या कारखान्यात काम मिळालं. मोठा पोरगा ४ वर्षांचा, त्याला सिकलसेल आहे. नुसता वाहक नाही, पूर्ण आजार. धाकटी साडेआठ महिन्यांची. पोराला सरकारी दवाखान्यातून रोजचं हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिड चालू होतं. धाकटीला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस द्यायची होती.

मोठं सामान ओळखीच्या ट्रकने पाठवलं, आम्ही रेल्वेने निघालो. घरातून पाय काढताना सासूबाईंनी विचारलं, "पोराच्या गोळ्या कुठी ठेवल्या व?"

"कपड्याच्या पोत्यात आहेत," मी म्हटलं. पोतं दुपारीच ट्रकमध्ये चढलं होतं. फाईलही त्यातच. ह्यांनी धीर दिला, "ट्रक उद्या पोचते. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. संडासाच्या दारापर्यंत माणसं बसलेली. पोराला सारखं उठवून न्यावं लागू नये म्हणून मी त्याला रात्रभर घोट-घोटच पाणी दिलं. माझी सर्वांत मोठी चूक हीच, पण त्या वेळी तो मला शहाणपणा वाटला होता. जळगावनंतर गाडी सुरतेकडे वळते. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. ह्यांनी पोराला उठवून दाखवलं, "पाहा, इथून गुजरात लागला." पोरानं डोळे उघडले आणि पुन्हा मान टाकली. मला वाटलं, झोप झाली नाही.

ट्रक दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. खोलीवर पत्रे, बाहेर ऊन. गॅस नव्हता, त्यामुळे बाहेरचंच खाणं. तिसऱ्या रात्री पोरगा पाय धरून रडायला लागला. अंग तापलेलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. त्यांनी जुन्या आजाराचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भाषा नवी, रात्र झालेली, कागद एकही हातात नाही. मी घाबरून गप्प बसले.

पहाटे पोराच्या रडण्यानं शेजारची आजी उठून आली. अमळनेरकडची होती. "पोरले काय व्हयनं वं?" तिनं विचारलं आणि माझं उत्तर संपायच्या आत नातवाला रिक्षा आणायला पिटाळलं. सरकारी रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी पोराचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "सिकलसेल है क्या? कागज है?"

कागद ट्रकमध्ये होते. नशीब एवढंच की वर्षभरापूर्वी मी नणंदेला रिपोर्टचा फोटो पाठवला होता. तिला झोपेतून उठवलं, तिनं तो परत पाठवला. त्या फोटोवरून पुढचे उपचार लगेच सुरू झाले. सलाईन, दुखणं थांबवायचं औषध, जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक. चार दिवस रुग्णालयात काढले. ट्रक सहाव्या दिवशी आला.

सिकलसेलचं लेकरू प्रवासाला नेताना

डॉक्टरीणबाईंनी मला नंतर शांतपणे समजावलं. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या वाकड्या, कडक झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे रक्त पोचत नाही आणि हाडंसांधे दुखायला लागतात. कडक ऊन, थंडी, जास्त दमणूक आणि ताप यांनीही तेच होतं. माझ्या पोराच्या बाबतीत कमी पाणी, ऊन, जागरण आणि ताप एकत्र आले, आणि औषधाचाही खंड पडला.

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल नवा नाही. तरी बिऱ्हाड हलवताना त्याचा विचार कुणी करत नाही. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी एवढं करावं:

• किमान महिनाभराचं औषध आधीच मागून घ्या. दुसऱ्या राज्यात जाणार असल्याचं डॉक्टरांना सांगा आणि आजार, औषध, डोस, रक्तगट, आतापर्यंत चढवलेलं रक्त हे सारं एका कागदावर लिहून घ्या.
• प्रवासात दर थोड्या वेळानं पाणी पाजा. लघवीला न्यावं लागलं तरी चालेल. शक्य असेल तर रात्री निघा, पण अंगावर पांघरूण असू द्या.
• नव्या गावी पोचल्यावर आजारी पडायची वाट पाहू नका. पहिल्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात नेऊन नोंद करा. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर मधूनमधून रक्त तपासावं लागतं, ती तपासणी कुठे होईल तेही तेव्हाच विचारा.
• कुठल्याही डॉक्टरांसमोर बसलात की पहिलं वाक्य हेच: "याला सिकलसेल आहे."

१०१ किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखणं किंवा धाप, पोटाची डावी बाजू अचानक फुगणं, चेहरा पांढराफटक पडणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होऊ देऊ नका. १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात मिळते तशी गुजरातेतही मिळते. हे मला त्या रात्री माहीत असतं तर बरं झालं असतं.

लस राहिली तर पुन्हा पहिल्यापासून नाही

पोराच्या आजारपणात धाकटीची लस राहून गेली. नऊ महिने होऊन वर सहा आठवडे झाले. "आता सगळ्या लशी पुन्हा द्याव्या लागतील," असं कुणीतरी सांगितलं आणि मी आणखी घाबरले. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं कार्ड पाहिलं आणि हसून सांगितलं की तसं काही नसतं. राहिलेला डोस द्यायचा आणि पुढे चालायचं. आधी दिलेले डोस वाया जात नाहीत.

सरकारी लसीकरणाचं वेळापत्रक सगळीकडे जवळपास एकच आहे. जन्मल्यावर, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, ९ महिन्यांना, १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आणि ५-६ वर्षांना. या सरकारी लशी कुठल्याही राज्याच्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, तिथला रहिवासी असण्याची अट नाही. माता व बाल संरक्षण कार्ड मात्र जवळ हवं. कार्ड नसेल तर सिस्टरला अंदाजानं काम करावं लागतं. नोंद यू-विनवर झाली असेल तर ती मोबाईल नंबरवरून सापडते. म्हणून निघण्याआधी आशाताईंना विचारून घ्या की कुठला नंबर दिलेला आहे, आणि नव्या गावी गेल्यावर तो नंबर बंद करू नका.

गरोदर बाईनंही हेच कार्ड जवळ ठेवावं. टीबीचं औषध चालू असेल तर एक दिवसही खंड नको. आपल्या केंद्रातून निक्षयचा नंबर लिहून घ्या, त्यावरून पुढचा उपचार दुसऱ्या राज्यात चालू ठेवता येतो.

पहिल्या आठवड्यातलं पाणी आणि पोट

नव्या जागी पहिल्यांदा बिघडतं ते पोट. भांडी पोत्यात, चूल नाही, पाणी कुठून येतं ते माहीत नाही. अशा वेळी सामान कितीही कमी असो, एक पातेलं, एक झाकणाचा डबा आणि ओगराळं हातातल्या सामानात घ्या. लेकरांचं पिण्याचं पाणी खळखळ उकळून, त्याच पातेल्यात गार करून, झाकून ठेवा. अंगावर पिणारं मूल असेल तर दूध तोडू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, वरचं पाणीसुद्धा नको.

जुलाब लागले तर ओआरएसचं एक मोठं पाकीट १ लिटर पाण्यात एकदम विरघळवा. अर्धं पाकीट, अंदाजानं पाणी असं करू नका. ते पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं फेका. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा. त्याबरोबर झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा केंद्रात मिळतात. जुलाब थांबले तरी त्या १४ दिवस द्यायच्या. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

रेशन आणि उपचाराचं कार्ड

पहिल्या महिन्यात हातात पैसे नसतात आणि त्याची झळ लेकरांच्या ताटाला बसते. अन्नसुरक्षेतलं रेशनकार्ड असेल तर गहू-तांदूळ दुसऱ्या राज्यातल्या रेशन दुकानातही घेता येतो. आधार जोडलेलं हवं, अंगठा जुळायला हवा. घरातले काही गावी आणि काही परराज्यात असतील तर वाटा दोन्हीकडे घेता येतो. कार्ड रद्द करून नेण्याची गरज नाही.

अंगणवाडीचंही तसंच. निघताना सेविकाताईंना सांगा म्हणजे त्या मोबाईलमधल्या नोंदीत मुलाचं स्थलांतर टाकतील, आणि नव्या अंगणवाडीत खाऊ आणि वजन पुढे चालू राहील.

उपचाराच्या कार्डांत मात्र फरक लक्षात घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजना आपल्या राज्याची आहे, तिच्या भरवशावर परराज्यातल्या रुग्णालयात जाऊ नका. आयुष्मान भारतचं कार्ड, पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, देशभरातल्या योजनेतल्या रुग्णालयांत चालतं. ते घरच्या सगळ्यांचं निघालेलं आहे का, हे इथेच पाहून घ्या.

ती पिशवी

खांद्याला अडकवायची एक साधी पिशवी घ्या. ती ट्रकमध्ये जाणार नाही, सीटखाली जाणार नाही, आईच्या किंवा बापाच्या खांद्यावरच राहील. तिच्यात:

• लशीचं कार्ड, आजारपणाची फाईल, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद
• चालू औषधं, एक महिन्याची
• आधार, रेशन आणि आयुष्मान कार्ड
• ओआरएसची ४ पाकिटं, तापाचं औषध, थर्मामीटर
• पाण्याची बाटली, वाटी-चमचा
• गावाकडच्या आशाताईंचा आणि डॉक्टरांचा नंबर, कागदावर लिहिलेला

सगळ्या कागदांचे फोटो काढून नवरा-बायको दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि गावी राहणाऱ्या एका माणसालाही पाठवा. आमचं काम त्या तिसऱ्या मोबाईलनं केलं.

पोरगा आता बरा आहे. पाण्याची बाटली त्यानं स्वतःच्या गळ्यात अडकवली आहे आणि रिकामी झाली की ओरडतो. या महिन्यात धाकटे दीर दोन लेकरं घेऊन हैदराबादला निघाले आहेत. परवा जाऊबाईंचा फोन आला. कूलर विकला गेला, पलंगाला गिऱ्हाईक नाही, सारं त्यांनी सांगितलं. मी मध्येच विचारलं, "पिशवी भरली का?" त्या म्हणाल्या, "भरते व, उद्या भरते."

म्हटलं, "उद्या नको. फोन ठेव आणि आत्ताच भर."