पडद्यावरची शेव्हरले आणि वऱ्हाडातले पुरावे

‘चलती का नाम गाडी’ १९५८ साली आला. दिग्दर्शन सत्येन बोस यांचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचे आणि गॅरेज चालवणारे तीन भाऊ म्हणजे खांडव्याच्या गांगुली घराण्यातले अशोक, अनूप आणि किशोर. त्यांच्या जोडीला मधुबाला आणि एक उघडी, जुनी मोटार. ही मोटार १९२८ ची शेव्हरले, असे या चित्रपटावर लिहिणारे सांगतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. माझ्या मते खरा शोध तिथून पुढे सुरू होतो. ‘१९२८ ची शेव्हरले’ या एका नावात अमेरिकेत बांधलेली गाडी येते, कॅनडातल्या ओशावाची येते आणि मुंबईतल्या आपल्या शिवडीला जोडलेलीही येते.

शेव्हरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला तो १९२८ मध्येच. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. पहिली मोटार बाहेर पडली डिसेंबर १९२८ मध्ये, ‘नॅशनल’ म्हणजे एबी मालिकेतली. याचा अर्थ असा की त्या वर्षाचे मॉडेल भारतात दोन वाटांनी आले: आधी तयार गाडी बोटीतून, नंतर शिवडीची जुळणी होऊन. फोर्डची गोष्ट आणखी वेगळी. तिची भारतातली कंपनी १९२६ ची आणि ती कॅनडाच्या फोर्डची उपकंपनी. म्हणून इथली जुनी फोर्ड तपासताना डेट्रॉइटची पुस्तके पुरत नाहीत.

आता चित्रपटाची चौकट थांबवून पाहू. पहिली नजर पुढच्या चाकांवर. शेव्हरलेने चारही चाकांना ब्रेक दिले ते १९२८ पासून. १९२७ च्या ‘कॅपिटॉल’ला ते फक्त मागे होते. पुढच्या चाकामागे ब्रेकचा ड्रम दिसला की १९२७ बाद. काही अभ्यासक गाडीची लांबी मोजून ठरवू पाहतात. १९२७ मध्ये पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १०३ इंच, १९२८ मध्ये १०७. फरक चांगला चार इंचांचा. पण पडद्यावर फूटपट्टी नसते, म्हणून चाकाचा व्यास हेच माप धरले जाते आणि इथेच घात होतो. १९२७ चे टायर २९ इंची, १९२८ चे ३० इंची. अंतराला व्यासाने भागले तर दोन्ही भागाकार साडेतीनच्या थोडे वर येतात, डोळ्याला फरक कळत नाही. शिवाय तीस वर्षे चाललेल्या गाडीचे टायर मूळचे असतील, असे कोणी धरू नये. ड्रमचा पुरावा मापापेक्षा पक्का, असे मी म्हणेन.

१९२८ आणि १९२९ यांतला भेद अधिक अवघड. १९२८ मध्ये चार सिलिंडरचे १७१ घनइंची इंजिन, १९२९ मध्ये सहा सिलिंडरचे १९४ घनइंची. सांगाडा मात्र तेवढ्याच लांबीचा. बॉनेट उघडल्याशिवाय खात्री नाही. पडद्यावर ऐकू येणाऱ्या इंजिनाच्या आवाजावर भिस्त ठेवू नये, आवाज नंतरही भरता येतो.

स्टेअरिंग उजवीकडे आहे की डावीकडे, हा प्रश्न सोपा वाटतो. पण छापील फोटो किंवा चित्रफीत उलटी लागली की उजवे डावे होते. म्हणून आधी नंबरप्लेटवरची किंवा मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरे सरळ आहेत का पाहावीत आणि मगच बोलावे. दिवे, हॉर्न, स्टेपनी, बंपर यांना पुराव्यात दुय्यम स्थान, कारण हे सगळे गॅरेजात बदलले जाते. दारांच्या बिजागऱ्या आणि काचेच्या चौकटीचे खांब सहसा कोणी बदलत नाही.

पन्नाशीच्या दशकातल्या चित्रपटांत वेगळाच पेच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीतून डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट निघायच्या. तिन्हींचे अंग मुळात प्लिमथचेच, नाव आणि नाकडोळे वेगळे. अमेरिकेतल्या डॉजशी ताडून पाहणारा इथे हमखास चुकतो. फियाटचे सोपे आहे: पुढचे दार उलटे उघडत असेल तर ती ‘डुक्कर फियाट’, आणि ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ च्या आधी लावू नये.

हे सगळे अमरावती-अकोल्याच्या वाचकाला का सांगायचे? १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले, तेव्हापासून १९५६ पर्यंत खांडवा, अकोला आणि अमरावती एकाच कारभाराखाली होती. चित्रपटाच्या धंद्यात ‘सी.पी. बेरार’ हे वितरणक्षेत्र त्याच नावाने टिकून आहे. खांडवा, अकोला आणि बडनेरा ही तिन्ही स्टेशने जी.आय.पी. रेल्वेची; मुंबईहून निघालेला माल भुसावळला दोन दिशांना फुटे, एक खांडव्याकडे, दुसरी अकोल्याकडे. कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या शहरांत जिनिंग-प्रेसिंगवाले, अडते आणि वकील यांच्या दारी मोटार आली. तिच्यापुढे उभे राहून काढलेला कुटुंबाचा फोटो आजही कुणाच्या तरी दिवाणखान्यात आहे. खांडव्याच्या भावांची गाडी कोणत्या वाटेने आलेल्या गाड्यांपैकी, याचा अंदाज बांधायचा तर त्याच प्रांतातल्या, त्याच काळातल्या गाड्या शेजारी ठेवाव्या लागतात. एकट्या चौकटीवरून फार तर वर्षाचा अंदाज येतो, वाट कळत नाही.

आणि नेमका हाच ऐवज आपण रद्दीत घालतो. वाडा पाडताना आर.सी. बुक, विम्याची पावती, टूलबॉक्सवरची पितळी पट्टी भंगारात जाते. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यात आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. हा नंबर प्रांत सांगतो, कधी वर्षही सांगतो. तो हौसेखातर बदलू नये.

या दिवाळीत घर आवरताना जुन्या मोटारीचा फोटो सापडला तर मागे पेन्सिलीने गाव, अंदाजे साल आणि मालकाचे नाते लिहून ठेवा. गाडीच शेडमध्ये उभी असेल तर बॉनेट उघडा, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यावरची पट्टी पुसा, तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही उतरवून घ्या, एका बाजूने पूर्ण गाडीचा फोटो काढा आणि तो कागद आर.सी. बुकातच ठेवा.