माउसला बटणे किती असावीत?

नागपूर जिल्ह्यातले खापा हे कन्हान नदीकाठचे विणकरांचे जुने गाव. साध्या विणीच्या हातमागावर पायाखाली दोन पट्ट्या पुरतात. एक दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जातात, दुसरी दाबली की उरलेले अर्धे. नक्षी हवी असेल, तर पट्ट्या वाढवाव्या लागतात किंवा ते काम पायाकडून काढून मागावर बसवलेल्या यंत्राकडे द्यावे लागते. गुंतागुंत नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. संगणकाच्या माउसला बटणे किती असावीत, या वादाचे मूळही इथेच आहे.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 1964 साली डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला. तो लाकडी होता आणि त्याला एकच बटण होते. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या जाहीर प्रात्यक्षिकात मात्र बटणे तीन होती. तीनच का? तेवढीच मावली म्हणून! एंगलबार्ट यांना अधिकही चालली असती. त्यांच्या डाव्या हाताशी पाच कळांची वेगळी पेटी असे. हार्मोनियमवर स्वर एकत्र धरावेत तशा कळा दाबून तिच्यावर अक्षरे उमटवायची. अवजार शिकायला वेळ लागला तरी हरकत नाही, हात बसला की ते फळ देते, असे त्यांचे मत होते. मागावर हात बसवलेल्या कोणालाही ते पटेल.

झेरॉक्सच्या ऑल्टो संगणकाला 1973 मध्ये तीन बटणे होती, 1981 च्या स्टारला दोन. अ‍ॅपलने 1983 च्या लिसाला एकच दिले. लॅरी टेस्लर यांनी नवख्या लोकांवर चाचण्या घेतल्या होत्या आणि कोणते बटण दाबावे हा प्रश्नच उरू नये, असा त्यांचा आग्रह होता. पण निवडणे आणि उघडणे ही दोन कामे एकाच बटणाकडे आली. त्यातून 'डबल क्लिक'चा सर्रास वापर सुरू झाला. बटण वाचले, ओझे बोटावर आले. पुढे कंट्रोलची कळ धरून क्लिक करणेही आले, म्हणजे दुसरा हातही कामाला लागला.

महाराष्ट्रात 2001 नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव पोचले. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक झाल्याने पन्नाशीला आलेली माणसेही त्यांत बसली. त्यांना दोन बटणांचा माउस मिळाला, पण डबल क्लिकही शिल्लकच होती. विंडोजमध्ये मूळ मांडणीनुसार दोन टिचक्या अर्ध्या सेकंदात पडाव्या लागतात आणि दरम्यान माउस हलता कामा नये. ज्यांना हे जमेना, ते 'आपल्याला संगणक येत नाही' असे समजून बसत. दोष त्यांचा नव्हता, तडजोडीचा होता.

माझ्या मते दोन बटणे आणि मधले चाक एवढे सामान्य वापराला पुरे. चाक 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या माउसमुळे रूढ झाले आणि दाबले की तेच तिसरे बटण होते. युनिक्स वापरणारे मधल्या बटणाने निवडलेला मजकूर चिकटवतात. त्यांचा तीनचा हट्ट म्हणूनच रास्त आहे.

शिकवणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी कराव्यात. डबल क्लिकचा वेग माउसच्या सेटिंगमध्ये कमी करता येतो, तो पहिल्याच दिवशी करून द्यावा. आणि 'डावे बटण', 'उजवे बटण' म्हणण्याऐवजी 'मुख्य' आणि 'दुसरे' म्हणावे, कारण डावखुऱ्यांनी बटणांची अदलाबदल केली की 'डावे दाबा' ही सूचनाच उलटी पडते.