जनावरांचें औषधपाणी : झाडपाला कोठें, डॉक्टर कोठें ?

गांवोगांवीं ट्रॅक्टर आले, तरी अमरावती व अकोला जिल्ह्यांत डवरणीसाठीं बैलजोडी आणि दुधासाठीं पूर्णाथडी म्हैस अजूनही अनेक कास्तकारांच्या गोठ्यांत आहे. ऐन हंगामांत त्यांतील एखादें जनावर आजारी पडलें, म्हणजे घरांत दोन मतें होतात. वडील माणसें झाडपाला सुचवितात, शिकलेला मुलगा दवाखान्याकडे बोट दाखवितो. आणि या वादांत मोलाचा वेळ निघून जातो. वस्तुतः या दोन उपचारपद्धति एकमेकींच्या वैरी नाहींत. कोणती केव्हां योजावी, एवढेंच समजून घ्यावयाचें असतें.

चीन देशांत वनस्पतींची व सुया टोचण्याची जुनी पशुचिकित्सा नव्या शास्त्राबरोबर विद्यालयांतून शिकविली जाते. तेथून ती इतर देशांत कुत्र्यामांजरांच्या उपचारांतही शिरली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें असाच उपक्रम गाईम्हशींसाठीं चालविला आहे. कासदाहावर (दगडीवर) मंडळ सांगतें तो लेप असा : कोरफड २५० ग्रॅम, हळदपूड ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम एकत्र वाटावा. कास पूर्ण पिळून व धुवून घ्यावी. थोडा लेप पाण्यांत पातळ करून तो सर्व कासेस दिवसांतून आठ-दहा वेळां, पांच दिवस लावावा. ऊठसूट प्रतिजैविकें टोचल्यानें जंतु त्यांस दाद देईनासे होतात व औषधाचा अंश दुधांत उतरतो. म्हणून आरंभींच्या सौम्य दुखण्यांत अशा लेपाचें महत्त्व आहे. परंतु जनावरास ताप असेल, त्यानें चारा सोडला असेल, अथवा कास थंड व निळसर पडली असेल, तर लेपावर विसंबूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस आणावें.

कांहीं प्रसंगीं तर झाडपाल्यास मुळींच जागा नाहीं. पावसानें ताण दिलेली कोवळी ज्वारी अथवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन जनावर धापा टाकूं लागलें व कोसळलें, तर ती सायनाइडची विषबाधा समजावी. तिचा उतारा डॉक्टरांनीं शिरेंतून द्यावयाचा असतो, आणि तेथें घटकेचाही विलंब प्राणघातक होतो. घटसर्प व फऱ्या यांस डाग देण्याची चाल निरुपयोगी असून तिनें जनावरास व्यर्थ यातना मात्र होतात. खरा उपाय म्हणजे पावसाळ्यापूर्वीं टोचून घेतलेली लस. राखणीच्या कुत्र्यासही दरसाल रेबीजची लस द्यावी. पिसाळलेलें कुत्रें माणसास चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तडक दवाखाना गांठावा; तेथें पाल्यावर किंवा मंत्रावर भरंवसा ठेवणें म्हणजे मृत्यूस निमंत्रण होय.

दोहोंची सांगड कशी घालावी, हें २०२२ सालच्या लंपी चर्मरोगाच्या सांथींत दिसून आलें. रोग विषाणुजन्य असल्यानें त्यावर नेमकें औषध नव्हतें. बचावासाठीं शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली; आजारी जनावराच्या जखमांस कडुलिंब व हळद उपयोगी पडली. लसीचें काम पाला करूं शकत नाहीं, आणि लस टोचली म्हणून जखमेची निगा राखण्याचें काम चुकत नाहीं.

यास्तव कास्तकार बंधूंनीं तीन नियम पाळावे. प्रथम रोग ओळखून घ्यावा, मग औषध करावें. घरीं काय व किती दिलें, तें डॉक्टरांस न लपवितां सांगावें. निपचित पडलेल्या जनावराच्या घशांत कांहींही बळेंच ओतूं नये. तें श्वासनळींत उतरून फुप्फुसें बिघडतात. शंका आल्यास जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच. शिवाय अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही आहे. वडिलांचें ज्ञान टाकावयाचें नाहीं. तें पारखून घ्यावयाचें आहे. ज्याच्या बळावर आपलें शेत चालतें, त्या मुक्या जिवास एवढी दक्षता आपणांकडून मिळालीच पाहिजे.