पाळीव प्राण्यांसाठी वनौषधी
कुत्रा, मांजर इ. घरात पाळलेल्या प्राण्यांच्या विकारांवर वनस्पतींचा पाला, साल, बी, तेल इत्यादींनी करावयाचे उपचार. घोड्यांसाठी शालिहोत्र व हत्तींसाठी पालकाप्य यांच्या नावावरील संस्कृत ग्रंथांत पशुचिकित्सेचे विवेचन आढळते. ग्रामीण भागात मात्र हे ज्ञान मुख्यतः गुराखी व शेतकरी यांच्या परंपरेने टिकून राहिले.

यवतमाळ जिल्ह्यातील पानझडी वनांत साग प्रमुख असून वनांत व शेतांच्या बांधांवर पळस, कडूनिंब, करंज, सीताफळ हेही आढळतात. गोचीड, पिसवा यांवर निंबोळीचे तेल, खरजेवर करंजेल, जंतांवर पळसपापडी व अळ्या पडलेल्या जखमेवर सीताफळीचा पाला हे उपचार परंपरेने रूढ आहेत. त्यांपैकी काहींना रासायनिक आधार आहे. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन कीटकांची वाढ व कात टाकणे रोखते, तर पळसाच्या बियांत पॅलॅसोनीन हे कृमिघ्न द्रव्य असते.

तथापि गुरांना मानवणारे औषध कुत्र्या-मांजरांना मानवेलच असे नाही. मांजर अंग चाटून स्वच्छ करते. त्यामुळे वरून लावलेले तेल पोटात जाते. शिवाय फिनॉलयुक्त द्रव्ये निष्प्रभ करण्याची त्याच्या यकृताची क्षमता फार कमी असते. निंबोळीच्या तेलाने मांजरांना विषबाधा होऊ शकते. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त संयुगांनी कुत्रा व मांजर या दोहोंच्या तांबड्या रक्तकोशिका फुटून पांडुरोग होतो. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळाच्या पारदर्शक पटलास गंभीर इजा होते. उपचार करणाऱ्या माणसालाही हा धोका असतो.

काही रोगांत वनौषधींवर विसंबणे घातक ठरते. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या बॅबेसिओसिस व एर्लिकिओसिस या रोगांचे जंतू कुत्र्याच्या रक्तकोशिकांत वाढतात. कातडीवर लावलेल्या तेलाने ते नष्ट होत नाहीत. अलर्क रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. चावलेल्या जागी पाला किंवा तिखट बांधून वेळ दवडणे म्हणूनच प्राणघातक होय. जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुऊन त्वरित लस टोचून घेणे आवश्यक असते. लूई पाश्चर यांनी १८८५ मध्ये ही लस माणसावर प्रथम वापरली. पाळीव कुत्र्यास वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून पशुवैद्याच्या सल्ल्याने ठराविक काळाने लस देणे, हा या रोगावरील खरा प्रतिबंध आहे.