शौकाची गाडी, हिशेबाची वही

व्यापारी माणूस शौकाच्या वस्तूकडे दोन प्रकारे पाहतो. एक तर "पैसा पाण्यात गेला" असे म्हणून तोंड फिरवतो, नाही तर "आज घेतली तर उद्या दुपटीने विकेल" अशी स्वतःची समजूत घालून ती घरी आणतो. जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या बाबतीत हे दोन्ही हिशेब चुकतात. पहिला माणूस आनंदाला मुकतो आणि दुसरा पैशालाही मुकतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची भावकी ब्रिटनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत, आखातात आहे. तिकडच्या तरुणांना, आणि तरुणच कशाला, पन्नाशी ओलांडलेल्यांनाही, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांतल्या स्पोर्ट्स गाड्यांचा शौक लागलेला दिसतो. अशा गाड्यांना तिकडे 'मॉडर्न क्लासिक' म्हणतात. म्हणजे संग्रहालयात ठेवण्याइतकी जुनी नाही, पण शोरूममध्येही आता मिळणार नाही, अशी गाडी. या शौकामागे मोठा व्यापार आहे आणि त्यात फिटर, पत्र्याचे काम करणारे, रंगारी, सीटचे कारागीर अशा अनेकांची रोजी आहे. म्हणून या पानावर त्याची चर्चा अप्रस्तुत ठरू नये. उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ : जर्मनीची पोर्शे ९४४.

नाकारलेल्या मालातून उभी राहिलेली गाडी

या गाडीचा जन्मच व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. १९७० नंतरच्या काळात फोक्सवॅगन कंपनीने पोर्शेकडे एका स्वस्त स्पोर्ट्स गाडीचे काम सोपवले होते. काम बरेच पुढे गेले आणि १९७३ चे तेलसंकट आले. फोक्सवॅगनने हात आखडता घेतला. तेव्हा पोर्शेने तो आराखडा स्वतःच विकत घेतला आणि १९७६ मध्ये ९२४ या नावाने गाडी बाजारात आणली. तिचे इंजिन मूळ ऑडीचे. त्याच जातीचे इंजिन फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्येही बसत असे. त्यामुळे "ही कसली पोर्शे, ही तर व्हॅन" असे टोमणे तिला ऐकावे लागले.

पोर्शेने या टोमण्याला जाहिरातीने उत्तर दिले नाही, मालाने दिले. १९८१ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९४४ आली. इंजिन आता पोर्शेचे स्वतःचे होते : अडीच लिटर, चार सिलिंडर, १६३ अश्वशक्ती. कंपनीच्या मोठ्या ९२८ गाडीला आठ सिलिंडरचे इंजिन होते. त्याच्या एका बाजूच्या रचनेवरून हे नवे इंजिन घडवले. चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाला थरथर फार असते. ती मोडण्यासाठी आत दोन तोलदांडे बसवले आणि त्या युक्तीचा परवाना जपानच्या मित्सुबिशीकडून घेतला. दुसऱ्याची चांगली युक्ती रीतसर मोबदला देऊन घेण्यात कमीपणा नसतो. १९९१ पर्यंत सर्व प्रकार मिळून १ लाख ६३ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. १९८५ मध्ये टर्बो आली आणि १९८९ मध्ये तीन लिटरची एस-टू. पोर्शेची तिजोरी अनेक वर्षे या गाडीने भरली.

चाकामागे बसल्यावर

इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ, अशी तिची मांडणी आहे. दोघांना एक लांब नळी जोडते आणि तिच्या आतून दांडा फिरतो. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ सारखे विभागले जाते. हमालाने कावडीची दोन्ही टोके सारखी भरली म्हणजे चालताना तोल जात नाही, तसेच हे. वळणावर ही गाडी ना नाक पुढे रेटते, ना शेपूट झटकते. वेगाने चालवायला फार मोठा उस्ताद लागत नाही आणि शिकणाऱ्याची चूक ती बऱ्याच अंशी सांभाळून घेते.

तिची कमाल गती ताशी २२० किलोमीटरच्या घरात. आजच्या काळात हा आकडा ऐकून कोणी चकित होणार नाही. पण शौकिनाचा आनंद आकड्यात नसतो. बैठक जमिनीलगत असते. बटण दाबले की बॉनेटमधून दिवे वर उठतात. सुरुवातीच्या अनेक गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. त्यामुळे गाडी उभी करताना दंड भरून येतात, पण रस्त्यावर धावताना खालचा खडा न् खडा हाताला कळतो. डोळ्यांसमोर पडदा नाही, शिट्ट्या मारणारी यंत्रे नाहीत. रविवारी पहाटे रस्ते मोकळे असताना तासभर चालवून आणावी आणि न्याहारीला घरी यावे, असा हा शौक आहे. मागे लहान मुलांपुरत्या दोन सीट आहेत आणि काचेच्या मोठ्या झाकणाखाली सामानाला भरपूर जागा. म्हणून कुटुंबवत्सल माणसालाही ती परवडते. निदान तो घरच्यांना तसे सांगतो.

स्वस्त ती सर्वांत महाग

आता खर्चाची बाजू. समजा बाजारात दोन गाड्या आहेत. एक शंभर रुपयांना, एक साठ रुपयांना. नवखा साठची घेतो आणि चाळीस वाचवले म्हणून खूश होतो. मग यादी सुरू होते.

पहिली बाब टायमिंग बेल्टची. या इंजिनात हा बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. एका पट्ट्यापायी सगळे इंजिन उघडावे लागते. म्हणून गाडी चालो वा न चालो, साधारण चार वर्षांनी तो बदलावा असे जाणकार सांगतात. तोलदांड्यांचा बेल्ट वेगळा. तो तुटून मुख्य बेल्टात अडकला तरी तोच अनर्थ. पाण्याचा पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो. त्यामुळे शहाणा मालक सगळे एकदमच बदलून घेतो, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही.

दुसरी बाब क्लचची. मूळ क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असते आणि वयानुसार ते फाटते. प्लेट फार महाग नाही, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मागचा गिअरबॉक्स आणि मधली लांब नळी काढावी लागते. तोल साधणाऱ्या त्या सुंदर मांडणीची किंमत इथे मजुरीच्या तासांत मोजावी लागते.

तिसरी बाब पत्र्याची. या गाडीच्या पत्र्याला जस्ताचा थर आहे आणि म्हणून ती तिच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांपेक्षा चांगली टिकली. पण पाणी वाहून जाण्याच्या वाटा कचऱ्याने बुजल्या की दाराखालची पट्टी आतून सडते. बॅटरीचे ॲसिड गळले तर तिच्याखालचा पत्रा खाल्ला जातो आणि पावसाचे पाणी थेट पायाशी येते. वरून चकचकीत रंग आणि आत पोकळ पत्रा, हा माल ओळखायला चुंबक आणि बॅटरी पुरेशी आहे. पण वाकून पाहायची तयारी हवी.

अशा रीतीने साठच्या गाडीवर सत्तर-ऐंशी खर्च होतात आणि वर्षभर ती गॅरेजातच पडून राहते. एके काळी या गाड्यांचे भाव इतके उतरले होते की एका मोठ्या दुरुस्तीत गाडीची किंमत निघून जाई. त्या काळात मालकांनी काम टाळले. कित्येक गाड्या भंगारात गेल्या आणि ज्या उरल्या त्यांतल्या अनेकांच्या पोटात ती टाळलेली कामे तशीच राहिली.

मिस्त्रीची पारख

या गाडीत एक दुखणे असे आहे की ज्यात मिस्त्रीचे इमान कळते. रेडिएटरच्या पाण्यात तेल मिसळते आणि साईसारखा चिकट थर दिसू लागतो. पाहणारा लगेच म्हणतो, "हेड गॅस्केट गेले, इंजिन उघडावे लागेल." तसे असूही शकते. पण ९४४ मध्ये बहुतेक वेळा दोष ऑइल कूलरच्या छोट्या रबरी सीलचा असतो. सील थोडक्या पैशांत मिळतात. काम किचकट आहे, पण हेड उतरवण्याइतके मोठे नाही. ज्या मिस्त्रीला ही गाडी ठाऊक आहे तो आधी सील तपासतो. ज्याला ठाऊक नाही, किंवा ज्याला मोठे बिल करायचे आहे, तो आधी हेड उतरवतो.

म्हणूनच ब्रिटन-जर्मनीत एकाच जातीच्या गाड्यांचे काम करणारी छोटी गॅरेजे टिकून आहेत. दोन-तीन माणसे असतात, पण वीस-तीस वर्षांचा तजुर्बा असतो. आपल्याकडच्या कारागिरांनी यातून घेण्यासारखे आहे. सगळ्या गाड्या थोड्याथोड्या जाणणाऱ्याला गिऱ्हाईक पैशासाठी घासते. एकच गाडी पूर्ण जाणणाऱ्याकडे ते लांबून येते आणि थांबायलाही तयार असते.

सीटचे कापड

कापडाच्या धंद्यात आयुष्य घातलेल्या माणसाची नजर साहजिकच सीटवर जाते. पोर्शेला कापडाचा शौक जुना. १९७७ मध्ये ९२८ आली तेव्हा तिच्यात 'पाशा' नावाचे मखमली कापड होते. त्यातले चौकडे लहानमोठे होत जातात आणि वाऱ्यावर निशाण हलावे तसा भास होतो. ९४४ मध्ये बारीक रेघांचे कापड आले, आणि पोर्शेचे नावच अक्षरांनी विणलेले कापडही आले. चढता-उतरताना दाराकडची कड घासते आणि तिथेच कापड आधी विरते. उन्हाने डॅशबोर्डला वरून भेगा पडतात.

आता अडचण अशी की चाळीस वर्षांपूर्वीचा ताका आज कुठून आणायचा? वीण जुळली तर रंग जुळत नाही. एकाच रंगाचे दोन लॉट शेजारी ठेवले तरी फरक दिसतो, हे आपल्या दुकानदारांना सांगायला नको. इथे तर एक कापड चार दशके ऊन खाल्लेले असते. म्हणून जाणता कारागीर आधी मागच्या सीटचे किंवा न दिसणाऱ्या जागेचे मूळ कापड काढून पुढे वापरता येते का ते पाहतो. या मागणीमुळे पोर्शेच्या क्लासिक विभागाने पाशासारखी जुनी कापडे पुन्हा विक्रीस आणली. बंद झालेला नमुनाही जपून ठेवला तर कधी तरी त्याला गिऱ्हाईक येते, हे विणकर बांधवांनी ध्यानात घ्यावे.

खरी किंमत वहीत

सारख्याच रंगाच्या, सारख्याच सालच्या दोन गाड्यांच्या भावात मोठा फरक पडतो तो एका फाइलीमुळे. बेल्ट कधी बदलला, किती किलोमीटरवर, कोणत्या गॅरेजात, पावती कुठे, हे सगळे तिच्यात असते. ज्याची वही चोख त्याच्या शब्दाला बाजारात वजन, हा नियम गाडीलाही लागू आहे. विकणारा म्हणाला, "सगळी कामे केलेली आहेत," तर विनयाने पावत्या मागाव्यात. पावती नसेल तर काम झालेलेच नाही असे धरून भाव करावा. जुन्या गाडीचा विमाही बाजारभावाने न उतरवता आधी ठरवलेल्या रकमेवर उतरवतात. ती रक्कम ठरवतानाही हीच फाइल कामाला येते.

सरकारी कायद्यानेही या शौकाला तिकडे जागा दिली आहे. जर्मनीत ३० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला नंबरपुढे 'एच' अक्षर मिळते आणि वर्षाला सुमारे १९१ युरो इतकाच ठरीव कर पडतो. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ताकर माफ होतो. आपल्याकडे चित्र निराळे आहे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. ९४४ त्या वयाला अजून पोहोचलेली नाही. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाची गाडी इकडे आणण्याचे मनसुबे रचण्याआधी आयातीचे नियम जाणकाराकडून समजून घ्यावेत.

उभी गाडी मरते

शेवटी तो पहिलाच प्रश्न : ही गुंतवणूक आहे काय? काही लोक तसे समजून गाडी विकत घेतात, कापड पांघरतात आणि भाव चढण्याची वाट पाहत बसतात. पण उभ्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात, रबराची सील सुकून गळू लागतात, ब्रेक चिकटतात, टाकीतले पेट्रोल बिघडते. पाच वर्षांनी कापड काढावे तर नफ्याऐवजी दुरुस्तीची यादी हातात येते. बंद पडलेल्या मागावर गंज कसा चढतो ते भिवंडी-मालेगावच्या माणसाला माहीत आहे. ही गाडी चालवल्यानेच टिकते. आनंद घेणे हीच तिची निगा आहे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. ज्याला शौक आहे आणि ज्याची ऐपत आहे, त्याने दुकानाच्या भांडवलाला हात न लावता, कर्ज न काढता, चांगल्या फाइलीची गाडी घ्यावी. किमतीच्या वर दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. चांगला मिस्त्री शोधावा आणि त्याची मजुरी वेळेवर द्यावी. प्रत्येक पावती वहीत लावावी. आणि रविवारी सकाळी गाडी बाहेर काढावी. विकताना दोन पैसे जास्त आले तर ते वरकड समजावे. नाही आले तरी, त्या सकाळींचा मोबदला आपण आधीच घेतलेला असतो.