बोलायचं नाही!

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा ढीग पडला की मुरलेला व्यापारी एक कांडी उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि भाव सांगून मोकळा होतो. कसं ओळखलं विचारलं, तर नुसता हसतो.

बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर मला याच व्यापाऱ्याच्या जातीचा वाटतो. दोन्ही बाजूंची एकेक खेळी झाली की 400 शक्यता; दोन-दोन झाल्या की 1,97,281! आपल्याला वाटतं, हा गडी सगळं मोजत बसत असेल. पण 1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी भलतंच दाखवलं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर पक्का खेळाडू बऱ्याचशा सोंगट्या अचूक जागी ठेवतो. त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखुरल्या, की त्याची गत नवशिक्यासारखीच! तो सुट्या सोंगट्या बघतच नाही. ओळखीचे आकार बघतो.

आता हे ओळखणं दुसऱ्याला द्यायचं कसं? खरी गंमत इथे आहे.

पुण्याचे अभिजित कुंटे 2000 साली भारताचे चौथे ग्रँडमास्टर झाले. 2003 मध्ये त्यांनी ब्रिटिश विजेतेपद पटकावलं. पुढे ते दुसऱ्यांच्या पटामागे उभे राहू लागले. भारतीय महिलांनी 2022 साली चेन्नईच्या ऑलिम्पियाडमध्ये कांस्य आणि 2024 साली बुडापेस्टमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हा कर्णधार तेच होते. बुडापेस्टला आठव्या फेरीत पोलंडने हरवलं, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी झाली. तरी पोरींनी शेवटी बाजी मारली. नागपूरच्या दिव्या देशमुखने 11 डावांत साडेनऊ गुण मिळवले.

या कर्णधाराची कामं काय? आदल्या रात्री तयारी करून घ्यायची, पाचांतल्या कोणत्या चौघी खेळणार ते ठरवायचं. एकदा घड्याळ सुरू झालं की तोंडाला कुलूप. बरोबरी मागावी, घ्यावी की डाव सोडावा, एवढं सांगता येतं. पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द नाही. समोर घोडा फुकट जाताना दिसला, तरी चेहरासुद्धा हलता कामा नये.

समालोचकाचं नेमकं उलटं. गप्प बसला की संपला! या सुवर्णसंघातली तानिया सचदेव खेळाडू तर आहेच, पण अनेकांना तिचा आवाज जास्त ओळखीचा आहे. खेळाडू काय विचार करत असेल, हे ती त्याच क्षणी सोपं करून सांगते. समालोचकाच्या दिमतीला संगणकाचा कौलही असतो.

कर्णधाराला खेळाच्या दालनात फोनसुद्धा नेता येत नाही. त्यामुळे सेनगावात चहा घेत मोबाइलवर डाव बघणाऱ्या पोराला कोण जिंकतंय ते पडद्यावरच्या पट्टीवर दिसत असतं, आणि तिकडे बुडापेस्टमध्ये पटापासून चार पावलांवर उभा असलेला ग्रँडमास्टर ते स्वतःच्या डोक्यात ताडून बघत असतो. मुकाट्याने.